हयातीचा दाखला

नॉर्बर्ट प्शिबिला, वय एकाहत्तर,
ओबरहाउजेन, चौथा मजला, लिफ्ट नाही.
बेलखाली पिवळी पाटी: कवटी, आणि
विषावरचं औषध ठेवणाऱ्या इस्पितळाचा नंबर.
पाटी सरकारी. गेल्या वर्षी मीच लावलेली.
चारातला एक स्क्रू तिरका गेला होता,
अजून तिरकाच आहे.

दर मार्चात मी येते.
कायदा म्हणतो, नवा विषारी प्राणी घरात आणायचा नाही.
आहेत ते राहोत, मरेपर्यंत.
पिल्लं नकोत, विक्री नको,
आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला,
पेन्शनरांसारखा.
"मलाही लागतो," तो म्हणतो,
"मी आणि या दोघी,
आम्ही तिघं एकाच टपालानं जिवंत होतो."

पोलिसांचा चारित्र्याचा दाखला
त्यानं फ्रेम करून भिंतीवर लावलाय.
"बत्तीस वर्षं खाणीत होतो, हजार मीटर खाली.
तिथं कुठला पोलीस यायचा चारित्र्य बघायला?"
खाली बारमाही एकोणतीस अंश.
वर आला की गारठायचा.
खाण बंद झाली त्याच हिवाळ्यात
त्यानं काचपेटी आणली, दिवा आणला,
आणि एका हॉलमधल्या बाजारातून
आइस्क्रीमच्या डब्यासारख्या डब्यात
दोन नागिणी, फण्यावर एकेकच कडं असलेल्या.
नव्वद युरो. पावती नाही.
दिवा एकोणतीसवर.

मी त्याला त्या जिन्याबद्दल कधी बोलले नाही.
पलीकडच्या गावात कुणाचा तरी नाग सुटला,
तेव्हा आम्ही पायऱ्यांवर पीठ पसरायचो,
आणि पहाटे बॅटरी घेऊन, वाकून,
रेघ शोधायचो. पाच रात्री.
तीस माणसं शाळेच्या व्यायामशाळेत झोपली.
सापडला तळघरात, वॉशिंग मशीनमागे,
माझ्या करंगळीएवढा.
पहिल्या मजल्यावरच्या इर्मट्राउट बाई
परत आल्याच नाहीत त्या घरात.
लोक म्हणाले, साप साप म्हणून भुई धोपटली.
धोपटली असेल कुणी.
मी पीठ झाडलं.

रकाना सात: संख्या.
गेल्या वर्षी दोन.
डाव्या पेटीत एक, दगडाला टेकून.
उजव्या पेटीत दिवा चालू,
पाण्याची वाटी भरलेली,
वाळूवर एकही रेघ नाही.

बुटात माझ्या पायांची बोटं आखडली.
"दुसरी कुठंय?"

तो काही न बोलता स्वयंपाकघरात गेला.
फ्रीझर उघडला.
मटारची पाकिटं, तारखा घातलेले गोठलेले उंदीर,
आणि त्यांच्यामधे, पावाच्या पिशवीत,
बागेतल्या पाइपासारखी नीट गुंडाळलेली ती.
"नोव्हेंबरात गेली. खाणं सोडलं होतं.
आठ दिवसांत कळवायचं असतं. माहीत आहे मला."
"मग?"
"कळवलं की एक होणार.
आणि एकाचे परत दोन
तुमचा कायदा होऊ देत नाही."

नाहीच होऊ देत.
त्या कायद्याच्या बाजूनं मी
कुठल्याही जिन्यात उभी राहीन, आजही.
दंडाचं कोष्टक माझ्या बॅगेत होतं,
घडी न मोडलेलं.
फ्रीझरची वाफ आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर.

मी लिहिलं: एक.
खाली मृत्यूची तारीख विचारली होती.
तिथं आजची घातली,
सुवाच्य अक्षरात.
त्यानं ती उलटी वाचली, टेबलाच्या पलीकडून,
आणि कॉफी ओतताना थोडी बशीत सांडली.

"उजवीकडचा दिवा बंद करायचा ना?"
"राहू द्या," तो म्हणाला, "बिल मीच भरतो."

उतरताना चारही मजले
मी पायरी बघून पाय टाकत होते.
पीठ नव्हतं कुठं.
खाली एका पोराची सायकल आडवी पडली होती,
ती उचलून भिंतीला लावली.