तेवीस नंबर

येलदरीच्या काठावर, मे महिन्यात,
सकाळी सातलाच पाणी एकतीस अंश.
मी वहीत लिहिते, एकतीस.
पलीकडं परभणीहून आलेली तीन पोरं
घडीच्या खुर्च्या उघडून गळ टाकून बसलीयत.
त्यांच्या बर्फाच्या पेटीत नुसत्या पाण्याच्या बाटल्या.
मासा घरी न्यायचा नाही, हा त्यांचा नियम.
नियम चांगला आहे. मी तसं बोलूनही दाखवलं.

पहिला रोहू लागला
आणि रीळ अकरा मिनिटं किरकिरत राहिलं.
मला ती घड्याळात दिसली,
त्याच्या अंगात ती साचत गेली.
उदगीरच्या कॉलेजात शिकलो होतो आम्ही:
दमलेल्या मांसात आम्ल चढतं, रक्तात साखर,
आणि घाबरण्यालाही एक रासायनिक नाव असतं
जे पेपरात स्पेलिंगसकट यावं लागतं.

जुनैद मासा कोरड्या तळहातांवर तोलतो.
फोनवाला म्हणतो, इकडं उन्हात ये,
अजून एक, तुझे डोळे मिटलेत.
माशाला तर पापण्याच नाहीत.
कल्ले उघडतात, मिटतात,
एवढी हवा, आणि एक घोट घेता येत नाही.
मी मोजते. अठ्ठेचाळीस सेकंद.
मग माझ्या हाप्यात, बांबूंना बांधलेल्या जाळीच्या खोलीत,
शेपटीचा एक फटका. टाळ्या.
हाताला उरलेला बुळबुळीतपणा
जुनैद पँटला पुसतो.
ते त्याचं पांघरूण होतं.

सोडलेल्या प्रत्येक माशाला इथं
बहात्तर तासांचा मुक्काम, पराला नंबर.

धुराजी भोई होडी टेकवून विचारतो,
काय मोजायलाव, मॅडम?
सोडलेले मरतात का, ते.
तो बराच वेळ वल्ह्यावरचं पाणी गळू देतो.
"आमच्या जाळ्यात मेला तर ताटात दिसतंय.
यांचं मेलेलं कुठं दिसायलंय?"

पहिल्या रात्री दोन.
दुसऱ्या दुपारी नऊ नंबर, त्याच्या घशात गळ खोल गेला होता
आणि कुणीतरी दोरा कापायचं सोडून ओढला होता.
सहा नंबर मात्र मजेत फिरतोय,
त्याला पाण्याबाहेर काढलाच नव्हता,
बिनकाट्याचा गळ पाण्यातच सुटला.
हे मी ठळक अक्षरात लिहिलं. बरं वाटलं.

मग चौदा नंबर.
मी हात ओले केले होते, सुई बारीक होती,
रक्त फक्त अर्धा मिली,
आणि तो माझ्याच ओंजळीत आडवा झाला.
याला गळाच्या खात्यावर मांडू
की माझ्या?
वहीत तसा रकाना नाही.
सर फोनवर म्हणाले, असे दोन-चार धरायचेच असतात.

बुधवारी पहाटे हाप्याचा कोपरा फाटलेला.
तेवीस नंबर, तीन किलोचा कटला, नाही.
धुराजी आधीच येऊन बसलेला,
नायलॉनच्या दोऱ्यानं जाळी शिवत.
"खेकड्यानं तोडलं असंल," माझ्याकडं न बघता.
मी त्याच्या होडीत डोकावले.
रक्त नाही, खवला नाही,
एक डबा, त्यात भाकर आणि ठेचा.
डोकावले याची लाज दिवसभर पुरली.

रकाने दोनच: जिवंत, मृत.
तेवीससमोर पेन टेकवलं
तर शाईचा ठिपकाच मोठा होत गेला.

रात्री जुनैदचा मेसेज आला.
मॅडम, माझा तेवीस नंबर कसा आहे?
त्याच्या वेळी मी हात ओले केले होते,
फोटोही नाही काढला.

मी लिहिलं, चांगला आहे. खोडलं.
लिहिलं, माहीत नाही. तेही खोडलं.
त्याच्या बाजूला दिसत असेल,
मॅडम लिहितायत,
मॅडम लिहितायत.