पिवळी वीट

सुगत आला पवनीहून शेवटच्या गाडीनं.
खांद्यावर कपड्यांची पिशवी,
आणि छातीशी, ओल्या पोत्यात गुंडाळलेलं,
ठिबकणारं काहीतरी.
"का होय रे हे?"
"चीज होय. पाच किलो."
एवढंच बोलून पाय धुवायला गेला.

घरात फ्रीज नाही.
डेअरीवाला रूपचंद म्हणाला, दुधाला वास लागंल.
मेडिकलच्या फ्रीजात इंजेक्शनांना जागा होती,
चीजला नव्हती.
म्हणजे उद्याच. म्हणजे सगळंच.
म्हणजे आपला गंज पुरायचा नाही,
विहाराच्या खोलीतला आणावा लागणार,
चार जणांना जेवायला सांगून भागायचं नाही.

सकाळी चिन्नोर धुतला.
सुगत म्हणे, शीत न् शीत सुटं पाहिजे,
जरा कच्चाच उतरव, बाकीचा आत शिजतो.
आत म्हणजे कुठं?
हॉटेलात भट्टीला काचेचं दार होतं,
बटन फिरवलं की दोनशे अंश.
आमच्याकडे अंश मोजायला माझा तळहात आहे,
आणि पानगे भाजायचा गोवऱ्यांचा आर.

कांदे, भेदरं, अद्रक, लसूण.
भिवापुरी मिरची रात्रीच भिजत घातलेली,
पाट्यावर वाटली की बोटं
दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलत राहतात.
"एवढी नोको टाकू, लोकं रडतीन."
तिथली रडत असतील.
इथं नाकातून पाणी आलं नाही
तर विचारतात, घरात कोणी आजारी आहे का.

तो किसणी घेऊन बसला.
मनगट कसं भराभर चालत होतं त्याचं,
वीट झिजत होती, पिवळा ढीग वर येत होता.
त्याच मनगटावर एकाखाली एक डाग,
भट्टीच्या कडेचे.
मी मोजले नाहीत.

भात, रस्सा, चीज.
पुन्हा भात, पुन्हा रस्सा, सांबार, पुन्हा चीज.
झाकणाच्या कडेला ओली कणीक लिंपली,
खाली आर, झाकणावर आर.
शेवंतामावशी कुंपणावरून ओरडली,
"म्हैस याली का वं? खरवस बसवला?"
मग वास गेला तिच्यापर्यंत, आणि ती
ताट घेऊनच आली.

झाकण काढलं तेव्हा वरती
सोनेरी, कुठं काळं, अजून फुटफुटणारं.
पळसाच्या द्रोणांत वाढलं.
लेकरांनी धागे ओढत ओढत
दारापर्यंत नेले, कोणाचा लांब म्हणून भांडली.
तोंडं पोळली, डोळे वाहिले,
कोणी थांबलं नाही.

बाबांनी जन्मभर ऐनावरचे कोष राखले,
गोफण घेऊन, पाखरं हाकत.
त्यांच्या घासातूनही धागा निघाला.
त्यांनी तो तोडला नाही,
बोटावर गुंडाळला सावकाश,
उजेडात धरून पाहिला.
"बरा हाये," म्हणाले. "पन टिकत नाही."

सगळी गेली. द्रोण कोंबड्यांनी पांगवले.
मग बाबांनी विचारलं, पाहत मात्र गंजाकडे,
"पगार किती भेटला?"
सुगत म्हणाला, "हाच."
"किती दिसाचा?"
"बावीस."

बाबांनी ओसरीकडे पाहिलं,
ओठ हलले, बोटांची पेरं हलली.
शेवंता, तिची सून, रूपचंद,
बोलावलं नव्हतं ते मेडिकलवालं पोरगं,
वारलूची चार, आपण तिघं.
"बावीस तं जेवलेच असतीन," म्हणाले.
"एका-एकाच्या वाट्याले एक-एक दिस याला."

मग सराता त्याच्याकडे सरकवला.
"खाली खरवड लागली हाये.
ते कोनाले देऊ नोको."

सुगत गंजात वाकला, खांद्यापर्यंत.
आतून खरवडल्याचा आवाज येत राहिला,
आर विझून राख झाली तरी.