शेचाळिसावी

शाळेची घंटा म्हणजे ट्रकच्या चाकाची रिम,
आंब्याला तारेनं टांगलेली.
ट्रक कुणाचा, कुणी विचारत नाही.
लढाईच्या दिवसांत इथे पुष्कळ ट्रक आले,
थोडेच परत गेले.
आधी ती मिशनवाल्यांनी वाजवली,
मग सरकारनं, म्हणजे मी.
आता कंपनी वाजवते.

मी केबे. अकरा वर्षं तिसरीची बाई.
आता फाटकाशी चूल मांडून
पिठाचे गोळे तळते.

खोटं कशाला बोलू?
सरकारी होते तेव्हा आठ-आठ महिने पगार नसायचा.
मन्रोव्हियातला साहेब उंटावरून शेळ्या हाकायचा,
आणि शेळी, म्हणजे पुन्हा मीच,
गुरुवारी शाळेत नसायची,
कसाव्याच्या वावरात असायची.
फळ्यावरची बुधवारची तारीख
पोरं शुक्रवारपर्यंत वाचत बसायची.
पटावर एक मास्तर होता,
त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही.
पगार मात्र त्याचा वेळेवर निघायचा.

मग कंपनी आली.
पोरांना निळे शर्ट, आम्हाला परीक्षा.
अपूर्णांकांच्या पानावर माझं पेन अडलं.
अडलं ते अडलंच.

नव्या मास्तरला, टोक्पाला, पाटीएवढं यंत्र मिळालं.
त्यात सगळं लिहिलेलं:
आता फळ्याकडे वळा. आता फेरी मारा.
आता शाबासकी द्या.
मी खिडकीखालून ऐकते.
शाबासकी रोज नऊ वाजून वीस मिनिटांनी मिळते,
ज्याचं चुकलं त्यालाही.

हसू नका. पोरं वाचायला लागलीत.
माझ्या हाताखाली दोन वर्षं अडखळलेला फ्लोमो
परवा पुडीच्या कागदावरची बातमी
घडाघडा वाचून गेला,
आणि मला कढईकडे बघायचं सुचलं नाही.
चार गोळे करपले. त्यालाच दिले.

पण एका वर्गात पंचेचाळीस. करारात तसं आहे.
माझी भाची न्यामा शेचाळिसावी.
पलीकडच्या गावची शाळा अजून सरकारी,
दोन तासांची वाट, एका खोलीत एकशे वीस पोरं.
तो न दिसणारा मास्तर आता
तिथे नसतो म्हणे.
म्हणून मी तिला दाराच्या फळीवर
कोळशानं शिकवते,
अपूर्णांक येईपर्यंत.
तिथून पुढे दोघी गप्प.

रेडिओवर वाद चालतो, शाळा कुणी चालवावी.
एक म्हणतो सरकारनं,
एक म्हणतो ज्याला जमेल त्यानं.
सेल संपतात आधी.

मंगळवारी टोक्पाचं यंत्र विझलं.
तीन दिवस ढग, छपरावरच्या सौरपट्टीत
काही उरलं नव्हतं.
तो फाटकाशी आला, घामानं भिजलेला,
हातांचं काय करायचं ते न कळून
यंत्र छातीशी धरून.
"बाई, पुढे काय?"

यंत्राच्या पोटात काय होतं, मला काय ठाऊक.
मी म्हटलं, कोळ्याची आणि कासवाची गोष्ट सांग.
शेवटाच्या आधी थांब.
भांडू दे पोरांना.
आणि शाबासकी एकालाच,
कशाची ते सांगून.

त्यानं खिसा चाचपला.
मी न्यामाला पुढे ढकललं.
तो दारात उभा राहून ओठांनी वर्ग मोजत राहिला.
फ्लोमोला ताप होता.
चव्वेचाळीस.

थोड्या वेळानं आतून कल्ला उठला:
कोळी लबाड! नाही, कासवच लबाड!
सगळ्यांच्या वर एक आवाज,
जो मी फक्त घरात ऐकला होता.
तेल तापून धुरावलं तरी
मी पीठ हातातच धरून बसले.

फ्लोमो उद्या बरा होईल.
व्हायलाच हवा. त्याच्या आईला
कडू पाला मीच उकळून दिलाय.
सकाळी रिम वाजेल,
आणि बाकावरच्या त्या वीतभर जागेकडे
दोघं धावतील.