काढायचा की ठेवायचा

नऱ्ह्याच्या लग्नात, वरात उतरल्यावर,
बुंदीच्या लाडवात खडीसाखरेचा खडा निघाला.
वरचा पुढचा दात. अर्धा तिथंच, पत्रावळीवर.
रुमालात बांधून घेतला
नवरदेवाच्या मामानं ओवाळून टाकलेल्या विसाच्या नोटेसोबत.

क्लॅरिनेटवाल्याला वरचे दोन दात म्हणजे
गवंड्याला ओळंबा.
माउथपीस त्यांच्यावर टेकतो
तेव्हा कुठं सूर सरळ उभा राहतो.

सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला.
व्यवसाय, विचारलं. वाजंत्री, म्हटलं.
काचेपलीकडे टाइप झालं : मजुरी.

सहा नंबरच्या खिडकीत कांडगे बसतात.
माणूस वाईट नाही. चष्म्याला दोरी, डब्यात मेथी.
केशरी कार्ड उलटंसुलटं पाहिलं
आणि यादीत बोट सरकवत गेले
आई माझ्या डोक्यात ऊ शोधायची तसे.
"जबडा मोडला असता तर बसला असता."
कुठं?
"योजनेत. तोंडात गाठ असती तर तीही बसली असती.
गाडीनं उडवलं असतं, पोलिसाचा कागद असता,
तर काहीतरी बघता आलं असतं.
नुसता दात बसत नाही."
मी रुमाल सोडला. म्हटलं, खरंय साहेब,
मीपण बसवून पाहिला, बसत नाही.
ते हसले. मागची बाई हसली,
पदर तोंडावर घट्ट धरून.

मग आवाज उतरवून म्हणाले,
"खुडे, काढायचा असेल तर जवळजवळ फुकट.
ठेवायचा असेल तर पैसे."

हे वाक्य मी कासेवाडीपर्यंत चघळत आलो,
उजव्या बाजूनं.
थोरल्याच्या कॉलेजचं असंच झालं होतं.
सोडायला एक अर्ज पुरला.

वरच्या मजल्यावर नौशीन भेटली, शेवटच्या वर्षाची.
तिनं केसपेपरच्या पाठीमागं दात काढून दाखवला
(चित्रात, चित्रात),
खाली लांबलचक मुळी, मुळीत दोऱ्याएवढी नस.
"मूळ शाबूत आहे काका. साफ करून भरते.
तीन खेपा. हात माझाच, चालेल ना?
वरची टोपी मात्र बाहेरच्या लॅबची."
म्हणजे हिरडीपर्यंत सरकार,
तिथून वर माझं मी.

तिनं तीन आकडे लिहिले.
मला रुपये कळतात, पण हिशेब वरातीत होतो.
धातूची टोपी : दीड वरात.
धातूवर पांढरा मुलामा : अडीच.
अख्खी पांढरी, दातासारखी दात : चार, आणि एक साखरपुडा.
आत्ता भाद्रपद. रस्तोरस्ती ढोलताशा,
आम्हाला कुणी पुसत नाही.
तुळशीचं लग्न लागेपर्यंत
माझ्याकडे शून्य वराती आहेत.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात.
माझं भरत होतं.

तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, वाद्य घेऊन या,
टेकतं कुठं ते बघू दे. नेलं.
आतला कापूस काढला, कच्चं सिमेंट चाचपलं.
"जोर नका लावू हं."
जोर न लावता फुंकणं
मला उस्तादानं शिकवलंच नव्हतं.
वरचा ओठ दुमडून दातावर घेतला,
म्हातारे वाजवतात तसा.
सा आला. घरंगळत, थोडा वाऱ्यासकट,
पण आला.
बाकड्यावर सगळे गालात बोळा धरून बसलेले,
वा म्हणायला एकाचंही तोंड मोकळं नाही.
एका आजोबांनी नुसता हात वर केला.
तेवढ्यात आतून त्यांचाच नंबर पुकारला,
तेव्हा तो हात कशासाठी होता, सांगता येत नाही.

धातूचीच सांगितलीय. कार्तिकात घेईन.
तोवर ओठ दुमडायची सवय करतोय,
मोरीत, नळ सोडून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून.

रुमालातला तुकडा शेवंता टाकून देऊ म्हणते.
टाकायला काहीच पडत नाही.
म्हणून ठेवलाय.