घर ते शाळा

चौथी ब, परिसर अभ्यास:
घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा.

सुखवंती उईकेनं आधी शाळा काढली,
निळ्या पेनानं, नळासकट.
मग पेन्सिल हातात धरून बसली.
"मॅडम, कोन्तं घर काढू?
दिवाईच्या आधी लोहापुलाखाली होतो,
मंग कॉटन मार्केटच्या शेडमंदी.
तिथून पोलिसायनं उठवलं.
आता अजनीले, मेट्रोच्या खांबापाशी,
पन बाबा म्हनते हप्ताभरच."

सध्याचं काढ, म्हटलं.
माझ्या रजिस्टरात ती अजून
कळमन्याला भाड्यानं राहते.
पत्ता बदलायला लाइटबिलाची झेरॉक्स लागते.

तिनं चौकोन काढला. दार नाही.
वाटेत एक कुत्रं, खाली लिहिलं: हे चावते.
पानठेला. संडास, पाच रुपये.
दोन जागी रस्ता ओलांडला होता,
तिथं पेन्सिल दाबून, कागद फाटेस्तोवर.

मी तपासलं.
उत्तर दिशा दाखवली नाही म्हणून
एक गुण कापला.
खरंच कापला.

सोमवारी वही परत दिली.
गुण न बघताच ती शेजारच्या पोराला म्हणाली,
"खोडरबर दे ना बे, जरासा."