समाईक विहीर

कळव्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
जर्मन नकाशे वाचले मी, स्विचगिअरचे.
भाषा शिकलो ती बोल्ट, तारा आणि धोक्याच्या सूचना यांच्यापुरती.

आता तिकडचा जुना सहकारी, यॉर्ग,
त्याच्या गावावरच्या गडाचे कागद टाइप करून पाठवतो.
"तू मला घोडबंदरचा किल्ला दाखवला होतास, त्याची ही परतफेड."
गडाचं नाव एल्स्टरेक.
डोंगराच्या नाकावर अर्धा बुरूज, बाकी झुडपं.

साल चौदाशे एकोणीस.
धनी एक नाही, अकरा.
सगळे एकाच पणजोबाचे, सगळ्यांच्या ढालीवर एकच पक्षी,
कुणाचा डावीकडे बघणारा, कुणाचा उजवीकडे,
आणि एवढ्यावरून एक खून.
म्हणून हा तह.

मानपाड्याला, सातव्या मजल्याच्या बाल्कनीत
येऊरच्या डोंगराकडे पाठ करून बसतो
(नाहीतर लक्ष लागत नाही)
आणि तो मराठीत उतरवतो, माझ्यासाठीच.
'बुर्गफ्रीडन'ला शब्द सापडेना.
गडशांती म्हटलं तर होमहवन वाटतं.
दोन दिवसांनी लिहिलं: गडाचा सलोखा.

विहिरीपासून दरवाज्यापर्यंत कुणी पातं उपसू नये.
उपसल्यास वर्षभर गडाखाली राहावे.
दरवानाचा पगार सर्वांनी द्यावा,
ज्याचा हिस्सा बत्तिसावा त्यानेही,
जो इथे राहत नाही त्यानेही.
विहीर समाईक. दोर ज्याचा त्याचा.
छपराची गळती वरच्याने काढावी की खालच्याने,
याचा निवाडा असा की

इथे कागद फाटलाय.

मी एवढ्यानं हसलो की हेमलता बाहेर आली.
"सहाशे वर्षं झाली," म्हटलं, "लीकेजचा निकाल अजून नाही."
ती हसली नाही. आमच्या न्हाणीघराच्या छताकडे
नुसतं बोट केलं.

गेल्या रविवारची मीटिंग.
गेटवर बिल्डरने बसवलेले दोन प्लास्टरचे सिंह, मध्ये ढाल,
ढालीवर काहीच नाही.
टँकरचे पैसे बी विंग देणार नाही, त्यांची बोअरवेल वेगळी.
निमखेडकर उठले, पाठोपाठ डिचोलकर उठले.
तलवार नव्हती, छत्री होती.
पण ती उपसली ज्या पद्धतीनं,
तिथे मला अकराही जण दिसले.

'फॉन एल्स्टरेक' म्हणजे एल्स्टरेकचा.
आपल्याकडे झाला असता एल्स्टरेककर.
मी कुवेशीकर. कुवेशी दोनदा पाहिली,
दोन्ही वेळा तलाठ्याकडे काम होतं.
सातबाऱ्यावर चौतीस नावं, माझं एकोणिसावं,
आणि घराच्या जागी आता
बोंडूंखाली जेमतेम एक जोतं.

यॉर्गच्या गठ्ठ्यातलं शेवटचं पान पंधराशे एकाहत्तरचं.
कुणी शहरात गेले, कुणी लढाईत,
कुणी हिस्सा विकला, घेणाऱ्याने दगड उतरवून नेले.
उरली एक आडेलहाइड, लग्न न केलेली.
करारात होतं, मार्टिनच्या सणाला
सर्व हिस्सेदारांनी विहिरीपाशी जमावे.
ती जमली.
दरवानाचा पूर्ण पगार तिनेच दिला,
आणि वहीत, तिच्याच हाताने:
हजर, एक. तक्रार नाही. पाणी चांगले.

हे मला लगेच उतरवता आलं नाही.

रात्री साडेअकराला टँकर आला.
वॉचमन पावती घेऊन वर, "सेक्रेटरी फोन उचलत नाहीत,
कुणीतरी सही करा."
केली. खाली पाइपाचा आवाज येत राहिला
टाकी भरेपर्यंत.

मग फाटलेल्या कलमापुढे मी लिहिलं:
वरच्याने आणि खालच्याने, मिळून.
मूळ कागदात हे नाही.
यॉर्गला मराठी येत नाही, ते बरं.

सकाळी ते पान घेऊन
आठव्या मजल्यावर गेलो, बेल वाजवली.
आतून कुणीतरी विचारलं, कोण?