याकूतपुऱ्यातला रात्रवर्ग

रुकैयाबी येतात नऊनंतर,
बोटांवर पतंगाची वाळलेली खळ.
मी फळ्यावर गुजराती 'ग' काढते, पतंगातला.
माझा मराठी हात
डोक्यावर रेघ ओढतोच,
मग पदरानं पुसते.

"वाचा."
"येत नाही."
"वाचा ना."
"येत नाही, बाई."

आणि त्याच हसल्या.
हिराच्या गुहेतही असंच झालं होतं, म्हणाल्या;
फरिश्ता म्हणाला, वाच.
उत्तर आलं, मला वाचता येत नाही.
तेव्हा त्यानं छातीशी आवळलं,
जीव कासावीस होईतो.
एकदा नाही, तीनदा.

"तुम्ही नुसतंच सांगता."

खडू ठेवला मी.
त्यांच्या शेजारी, सतरंजीवर बसले.
बाहेर कुणीतरी तुटलेला मांजा
फिरकीवर गुंडाळत होतं,
अंधारात, चाचपत.